रात्री कापडी डायपर गळतोय : लायनर आणि बूस्टर कुठले घेऊ? (सोलापूर)

नमस्कार मंडळी. इथे वाचत असते नेहमी, लिहितेय पहिल्यांदाच.

मुलगी आठ महिन्यांची आहे, वजन साडेसात किलो. तिसऱ्या महिन्यापासून कापडी डायपर वापरतेय. एकूण नऊ आहेत, सगळे पॉकेटवाले. बाहेरून पीयूएलचं वॉटरप्रूफ कापड, आत फ्लीसचं (मऊ, लवदार पॉलिस्टरचं) अस्तर आणि मधल्या खिशात मायक्रोफायबरचा इन्सर्ट, म्हणजे लघवी शोषणारी पट्टी. दिवसा दोन-अडीच तासांनी बदलते, काही तक्रार नव्हती. महिनाभरापासून मात्र रात्री अकराला बांधलेला डायपर अडीचच्या सुमारास गळतो. झबलं, दुपटं, गोधडी सगळं ओलं. मग तिला उचला, पुसा, बदला, आणि तोवर ती टक्क जागी.

दोन इन्सर्ट घालून बघितले. ढुंगण एवढं जाड झालं की मांडीपाशी फट राहिली आणि तिथूनच गळायला लागलं.

त्यात आमच्याकडे नळाला पाणी चार दिवसांआड. धुण्याला बोअरचं, आणि ते इतकं जड की बादलीला आतून पांढरा थर बसतो, साबणाला फेस म्हणून येत नाही. रोज गोधडी धुणं परवडत नाही. सासूबाईंचं म्हणणं वेगळंच, "लेकराला प्लास्टिकात बांधूलालीस की गं, आमच्या वेळी लंगोट होते, भिजलं की बदलायचो." रात्री बदलायला कोण उठायचं, हे विचारायचं धाडस अजून झालेलं नाही.

तर बूस्टर, म्हणजे इन्सर्टच्या जोडीला घालायची जादा शोषणारी पट्टी, बांबूचा घेऊ, हेम्पचा (भांगेच्या रोपाच्या धाग्याचा) की काळा चारकोलवाला? आणि आता नाचणीचं सत्त्व, वरणभात सुरू झाल्यामुळे शी चिकट झालीय, तर अंगालगत ठेवायचे पातळ लायनर कागदी रोलचे बरे की फ्लीसचे?

जुळ्यांची आई

बूस्टर मागवायच्या आधी एक कर. रात्री गळला की इन्सर्ट बाहेर काढून हाताने चाचपून बघ. पुढून मागून सगळा ओलाचिंब असेल तर शोषण कमी पडतंय, बूस्टर घे. पण मागचा भाग कोरडा आणि बाळाचे कपडे ओले असतील तर इन्सर्टपर्यंत पाणी पोचतच नाहीये. मग दहा बूस्टर घातलेस तरी गळणारच.

दुसरं म्हणजे मायक्रोफायबर पाणी पटकन ओढतो, पण दाबलं की सोडतो, स्पंजासारखा. बाळ कुशीवर वळलं, पोटावर झोपलं की त्या दाबाने बाहेर येतं. बांबू आणि हेम्प हळू ओढतात पण धरून ठेवतात. म्हणून वर मायक्रोफायबर, खाली बांबू किंवा हेम्प, असा क्रम लाव. उलटा लावलास तर पहिली धार वाया. मायक्रोफायबर मात्र अंगाला थेट लागू देऊ नकोस, कातडी कोरडी करून टाकतो.

चारकोलच्या नादी लागू नकोस. बहुतेकांत आत मायक्रोफायबरच असतो, वरून काळं कापड. डाग दिसत नाहीत एवढाच फायदा. तो काही कमी नाही म्हणा.

धागाकर्ती

ताई, रात्री बघितलं. पुढचा भाग ओला, मागचा जवळजवळ अर्धा कोरडा! आणि झबलं पोटापर्यंत भिजलेलं. म्हणजे काय समजायचं?

जुळ्यांची आई

धुतलेला, वाळलेला डायपर घे आणि फ्लीसवर चमचाभर पाणी टाक. लगेच आत जिरायला हवं. थेंब वर बसून राहिले तर त्यावर काहीतरी थर चढलाय. फॅब्रिक कंडिशनर वापरतेस का? रॅशचं क्रीम? तेल?

धागाकर्ती

अळवावरचं पाणी! अक्षरशः. थेंब गोल गोल फिरतायत आणि डायपर कलता केला की घरंगळून खाली. नऊपैकी सहांचं असं. कंडिशनर नाही वापरत, पण सासूबाई रोज रात्री झोपवण्याआधी खोबरेलने मालीश करतात, कमरेपासून तळपायापर्यंत, आणि त्यावर लगेच डायपर.

जुळ्यांची आई

सापडला चोर. खोबरेल असो, झिंकवालं क्रीम असो की पेट्रोलियम जेली, फ्लीसवर बसलं की पाणी आत जात नाही, कडेने वाट काढतं. अस्तरावर भांड्यांच्या लिक्विडचे चार थेंब टाकून मऊ ब्रशने घास, कोमट पाण्यात फेस जाईपर्यंत खळबळून काढ. उकळतं पाणी नको, पीयूएल सुटतं. वाळत घालताना इन्सर्ट खुशाल उन्हात, पण पीयूएलचं कव्हर सावलीत. आपल्याकडचं एप्रिलचं ऊन त्याला झेपत नाही.

पुढे क्रीम लावायची वेळ आलीच तर वर सुटा लायनर ठेव. पोलर फ्लीस मीटरवर मिळतं, कात्रीने पट्ट्या काप, शिवायची गरज नाही कारण त्याचे धागे सुटत नाहीत. जुनी लहान मुलांची फ्लीसची रजई असेल तर तीही चालते. आधी पाणी टाकून तपास.

कागदी रोल शीपुरते. उचललं, गुंडाळलं, कचऱ्यात. पाकिटावर काहीही लिहिलेलं असो, संडासात टाकू नकोस.

मलमल

फ्लीसवर माझा आक्षेप आहे. सोलापूरचा उन्हाळा आहे हा, चाळिशीच्या वर पारा, आणि बाळाच्या अंगाला पॉलिस्टर? माझ्या मुलाला मांडीच्या सांध्यात घामोळं उठलं होतं. जुन्या सुती साडीचे तुकडे लायनर म्हणून घातले, निवलं. ओलं लागतं हे खरं, पण ओलं लागलं की पोर रडतं आणि आपण बदलतो. त्यात वाईट काय?

जुळ्यांची आई

दिवसा मान्य. रात्री ते रडणं तुमच्याकडे पाठवता येत असेल तर रात्रीही मान्य :)

पूर्व भागातला

ताई, मला डायपरमधलं काही कळत नाही, पण टॉवेलच्या कारखान्यात उमेदीची वर्षं घातली आहेत म्हणून लिहितो. तुम्ही सोलापुरात बसून शोषणारं कापड बाहेरून मागवताय, हे वाचून राहवलं नाही. पाणी शोषायलाच तर टेरी विणतात. त्यातले ते फासे असतात ना, लूप, त्यांनी कापडाचा पृष्ठभाग कितीतरी वाढतो.

चौदा बाय एकवीस इंची साधा नॅपकिन घ्या, सेकंडचा (किरकोळ खोट असलेला) माल किलोवरही मिळतो. मधोमध कापून दोन तुकडे करा, कडेला इंटरलॉक मारून घ्या. एका तुकड्याच्या तीन घड्या घातल्या की सुमारे पाच इंच रुंद, दहा-साडेदहा इंच लांब पट्टी होते. घडी शिवू नका. उघडून वाळत घातली की तासाभरात खडखडीत. शिवलेलं जाड पॅड पावसाळ्यात दोन दिवस दमट राहतं.

फक्त शंभर टक्के सुती बघा. एक धागा ओढून काडी लावा. कागदासारखा जळून राख झाली तर सूत, वितळून टणक गोळी झाली तर पॉलिस्टर मिसळलंय. आणि नवा टॉवेल लगेच शोषत नाही, मऊपणासाठी त्याला फिनिशिंग केलेलं असतं. गरम पाण्यात चार-पाच धुण्या झाल्या की बघा.

जुळ्यांची आई

दादा, झकास. नव्या बांबू आणि हेम्पचंही तसंच असतं, पहिल्या धुण्याला निकाल लावून मोकळं होऊ नये. हेम्पला तर सहा-सात धुण्या लागतात. धागाकर्ती, ही पट्टी खिशात मायक्रोफायबरच्या खाली घाल. मुलगी आहे, तर मधोमध. मुलगा असता तर पुढे दुमडून घाल म्हटलं असतं.

टाकीवरचा नळ

जड पाण्याबद्दल कुणीच बोललं नाही. पावडर कमी घातली तर जड पाण्यात निम्मी क्षारांशी झुंजण्यातच संपते, कापडाच्या वाट्याला उरते काय? मग लघवीचा उग्र वास येतो, आणि माणूस पावडर आणखी कमी करतो. मी आदल्या रात्री बॅरलमध्ये धुण्याचा सोडा टाकून ठेवते. सकाळी तळाशी पांढरा गाळ बसतो, वरचं पाणी हलकेच काढून घ्यायचं. फेस येतो की नाही ते बघा. शेवटची खळबळ मात्र नळाच्या पाण्यात, तेवढं बाजूला ठेवा.

धागाकर्ती

मंडळी, सहा दिवसांनी लिहितेय.

सहाही डायपर लिक्विडने घासले, तेलाचा वास जाईपर्यंत तीनदा खळबळले. आता चमचाभर पाणी टाकलं की गायब. सासूबाईंना तो अळवाचा प्रयोग करून दाखवला. काही बोलल्या नाहीत, पण मालीश आता सकाळी आंघोळीआधी होते. दुसऱ्या दिवशी नॅपकिन कापायला घेतला तर म्हणाल्या, "दे इकडं, तुला सरळ कापता येईना झालंय." सहा पट्ट्या त्यांनीच करून दिल्या, मशीनवर कडा दुमडून.

मला नाद लागला म्हणून स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन केलं. रात्री कोरडा डायपर पट्टीसकट एकशे सत्तर ग्रॅम, सकाळी तीनशे ऐंशी. म्हणजे दोनशे दहा ग्रॅम, जवळजवळ पेलाभर! एकट्या मायक्रोफायबरने ते कुठून धरलं असतं.

लायनरचं असं ठरवलंय की दिवसा साडीचे तुकडे, रात्री फ्लीसचं अस्तर आहे तेच, आणि सकाळच्या शीच्या वेळेला कागदी. मलमलताई, दुपारी तुमचंच खरं वाटतं.

सलग तीन रात्री कोरड्या गेल्या. काल पहाटे साडेपाचला पुन्हा थोडं ओलं होतं, पण फक्त डाव्या मांडीपाशी, आणि इन्सर्ट मागून कोरडा. पट्टी इलॅस्टिकच्या बाहेर डोकावत होती, तिनेच ओढून झबल्याला दिलं असणार. आज पट्टी बोटभर आत सारलीय आणि मांडीचं बटण एक घर घट्ट केलंय. सकाळी सांगते.