५० ला आवळलेला बोल्ट मऊ कसा पडला?

नवशिका_फिटर
पंपाच्या मोटरचे चार बोल्ट, एम-१० (१० मिमी व्यासाचे), ग्रेड ८.८ (मजबुतीचा दर्जा). तक्त्यात आवळायचा जोर (टॉर्क) ५० न्यूटन-मीटर दिलाय. तीन बोल्टांवर टॉर्क रेंचनं (ठरवलेला जोर आला की ‘क्लिक’ वाजणारा पाना) नीट ‘क्लिक’ दिलं. चौथा मात्र क्लिकच्या आधीच मऊ पडला, पाना नुसता फिरत राहिला. काढून पाहिला तर आट्यांपाशी बारीक झालेला. गंजू नयेत म्हणून चौघांनाही मॉली ग्रीस (मॉलिब्डेनमवालं, खूप निसरडं) चोपडलं होतं. पाना खोटा की बोल्ट?

हातच_बरा
म्हणून म्हणतो, ते रेंच ठेवा बाजूला. हाताला कळतं.

गंजलेला_नट
हाताला काही कळत नाही हो, मीही कळतं असं समजून बरेच बोल्ट मोडलेत.

पाना खरा, बोल्टही खरा. घोळ ग्रीसचा. पान्याला फक्त वळवायला लागणारा जोर कळतो, बोल्ट किती ताणला ते त्याला दिसतच नाही. त्या जोरातला साधारण निम्मा डोक्याखालच्या घासण्यात जातो, ४० टक्के आट्यांत. बोल्ट ताणायला उरतो जेमतेम दहावा हिस्सा. ग्रीसनं घासणं कमी झालं, मग वाचलेला जोर सगळा ताणात गेला.

ढोबळ हिशोब: टॉर्क = के × व्यास × ताण. के म्हणजे घासण्याचा ढोबळ आकडा. कोरड्या बोल्टाला के ०.२ धरतात, म्हणजे ५० ला ताण २५ किलोन्यूटन. मॉलीला के ०.१२ धरा, तोच ताण ४१ च्या वर जातो. हा बोल्ट कायमचा लांबायला लागतो ३७ च्या आसपास! तक्ता कोरड्याचा असणार. बाकीचे तीनही काढून टाका, तेही ताणले गेले असतील.

नवशिका_फिटर
बाप रे. नवे टाकतो, कोरडे. पण हे ताणणं म्हणजे नक्की किती?

गंजलेला_नट
बोल्ट म्हणजे कडक स्प्रिंगच. ४० मिमी जाडीच्या जोडात २५ किलोन्यूटनला तो लांबतो सुमारे ०.०८ मिमी. कागदाच्या जाडीपेक्षाही कमी! मोटर त्यावरच धरलेली असते. म्हणून मोटरच्या पायाखालचा रंग खरवडून काढा. रंग दोन-तीन शतांश मिमी जरी दबला, तरी ताणाचा मोठा हिस्सा गेला, आणि मग थरथरीनं बोल्ट सैल होतो.

नवशिका_फिटर
दुसऱ्या दिवशी पुन्हा क्लिक करून तपासू का?

गंजलेला_नट
त्यातून फार कळणार नाही. थांबलेला नट हलवायला जास्त जोर लागतो, त्यामुळे ताण उतरलेला असला तरी नट हलायच्या आधीच पाना क्लिक देतो. नट आणि बोल्टावर मिळून पेनानं एक आडवी रेघ ओढून ठेवा. रेघ तुटलेली दिसली की नट फिरलाय. रंग दबून गेलेला ताण मात्र रेघेत दिसत नाही, म्हणून खरवडायचा कंटाळा करू नका.