कुत्रा मुद्दाम ऐकत नाही की त्याला कळतच नाही?

बंड्या_कोथरूड
आमच्याकडे दीड वर्षाचा लॅब्राडोर आहे, मोती (हो मोतीच, बायकोला ब्रूनो हवं होतं, आईने मोती म्हणून हाक मारली, विषय संपला). घरात सिट म्हटलं की धपकन बसतो, पाहुण्यांसमोर शेकहँड पण करतो. पण खाली पार्किंगमध्ये नेलं की हाच मोती मला ओळखत नाही, सिट सिट सिट दहा वेळा ओरडतो मी आणि हा शेजारच्या अॅक्टिव्हाचं चाक हुंगत उभा. वॉचमन हसतो राव. एक ट्रेनर लावला होता महिनाभर, तो म्हणाला हा तुम्हाला टेस्ट करतोय, बॉस कोण ते दाखवा, आधी तुम्ही जेवा मग त्याला द्या, दारातून आधी तुम्ही बाहेर पडा. मला पण पटतं. त्याला सगळं कळतं हो, मुद्दाम करतो. परवा माझी कोल्हापुरी फाडली आणि मी दार उघडलं तर कान पाडून सोफ्यामागे. कळत नसतं तर लपला कशाला असता? बोला.

रानजाई
बंड्याभाऊ, तुम्ही दार उघडल्यावर पहिलं काय केलंत? चप्पल बघून "मोत्याsss" असंच ना? मग तो त्या मोत्याsss ला घाबरला, चपलेशी त्याचं काही देणंघेणं नाही. यावर प्रयोग झालाय, अलेक्झांड्रा होरोविट्झ नावाच्या बाईंनी २००९ मध्ये छापला. मालक खाऊला तोंड लावू नको सांगून बाहेर जायचा, परत आल्यावर त्याला सांगायचे कुत्र्याने खाल्लं किंवा नाही खाल्लं, आणि हे सांगणं कधी खरं कधी खोटं. तर तो बिचारा चेहरा कुत्र्याने खाल्लंय की नाही यावर अवलंबून नव्हताच, मालक ओरडला की चेहरा पडायचा. उलट काहीच न खाता बोलणी खाल्लेल्यांचा चेहरा जास्त पडलेला. आपण त्याला अपराधी ठरवतो, तो फक्त आपला मूड वाचतो.

जुनाखोड
झालं, आले प्रयोगवाले. अहो ताई, मी चाळीस वर्षं कुत्री पाळतोय, तीन अल्सेशियन, दोन डॉबरमन, एक सोसायटीच्या गेटवरचा. पट्ट्याला एक झटका आणि ठाम आवाजात नो, आठवड्यात सरळ. त्यांच्यात कळप असतो, कळपाला म्होरक्या लागतो, तुम्ही म्होरके नाही झालात तर तो होणार, साधी गोष्ट. ह्या हल्लीच्या बिस्कीट दाखवून लाडीगोडी पद्धतीत कुत्रा नाही, गिऱ्हाईक तयार होतं. रस्त्यावर मांजर दिसल्यावर तुमचं बिस्कीट कोण बघतंय, तिथे ‘नो’च लागतो.

रानजाई
काका, मांजराचा मुद्दा बरोबर आहे, त्यावर नंतर येते. पण म्होरक्याचं शास्त्र कुठून आलं सांगू का. १९४७ मध्ये रुडॉल्फ शेंकेल यांनी प्राणिसंग्रहालयात कोंडलेल्या लांडग्यांवर लिहिलं. इकडून तिकडून आणलेले, नात्यातले नसलेले, एका कुंपणात. भांडणारच ना? उद्या वेगवेगळ्या गावची वीस माणसं एका खोलीत कोंडली आणि निष्कर्ष काढला की माणूस असाच असतो, तर? पुढे डेव्हिड मीच यांनी १९७० च्या पुस्तकात तो अल्फा, म्हणजे म्होरक्या, जगभर पोचवला आणि मग त्यांनीच रानातले लांडगे वर्षानुवर्षं बघून १९९९ मध्ये लिहिलं की हा शब्द इथे बसत नाही, कळप म्हणजे आईबाप आणि त्यांची पोरं. स्वतःचंच म्हणणं खोडलं हो माणसाने. आणि आपले ट्रेनर अजून आधी तुम्ही जेवा यावर अडकलेत. बंड्याभाऊ जेवले का नाही याचा मोतीला पत्ता पण नसतो, त्याला पोळीचा तुकडा कधी पडतो एवढंच माहीत.

वाघरवाला
आमच्याकडं मेंढरांमागं कुत्री असत्यात. त्यास्नी कुणी शिट म्हणून शिकवलं न्हाई का बिस्कीट दिलं न्हाई. पिल्लू असतानाच मेंढरांत सोडायचं, मोठ्या कुत्र्याच्या मागं मागं फिरून शिकतंय. रातच्याला वाघरीच्या, म्हंजी मेंढरं कोंडायच्या जाळीच्या, भवती चार बाजूला चार बसणार, कोण कुठं बसायचं ते त्यांचं त्यांनीच ठरवल्यालं. लांडग्याचा वास आला की पैलं उठणार ते. आता ह्यात हुकूम कुठं आला? तुमी लोक कुत्र्याला काम देत न्हाई, फ्लॅटात कोंडता आन मग बस उठ बस उठ. त्याच्या डोक्यात काय चाललंय इचारायचं तर आधी त्याला डोकं चालवायला कायतरी द्या की.

बंड्या_कोथरूड
वाघरवाले दादा एक नंबर. पण मी आयटीत, मेंढ्या कुठून आणू? 😅

शिट्टी
मी घरगुती लेव्हलला क्लास घेते, दहा-बारा वर्षं झाली, म्हणून थोडं लांबड लावते. कुत्रा शब्द शिकतोय असं आपण समजतो, तो आख्खं चित्र शिकत असतो. बंड्याभाऊ, तुम्ही घरात सिट शिकवलंत तेव्हा तुम्ही कुठे उभे होता? बहुतेक स्वयंपाकघराच्या दारात, उजवा हात वर, त्यात बिस्कीट, बिस्किटाच्या पुड्याचा चरचर आवाज, समोर गुळगुळीत फरशी. मोतीसाठी हे सगळं मिळून एक सिट आहे. पार्किंगमध्ये ह्यातलं काहीच नाही, वर दुसऱ्या कुत्र्याचं मूत, गाड्या, पोरं. तो नकार देत नाहीये, त्याला ते कोडं वेगळंच वाटतंय. म्हणून तीच गोष्ट हॉलमध्ये, मग जिन्यात, मग लिफ्टसमोर, मग पार्किंगच्या रिकाम्या कोपऱ्यात नव्याने शिकवावी लागते. कंटाळवाणं आहे पण तसंच आहे. आणि रोज तासभर रगडू नका, डेन्मार्कमध्ये बीगल कुत्र्यांवर बघितलंय, आठवड्यातून एकदाच शिकवलेल्यांना तेच काम शिकायला आठवड्यातून पाच वेळा शिकवलेल्यांपेक्षा कमी सेशन लागली.

जुनाखोड काका, झटक्याने काम होतं, खोटं कशाला बोलू. प्रश्न एवढाच की कुत्रा त्या झटक्याला कशाशी जोडतो. माझ्याकडे एक इंडी (आपली देशी कुत्री) आली होती, आधीच्या ट्रेनरने सायकलवर भुंकली की झटका, भुंकली की झटका असं केलेलं. तिच्या डोक्यात काय बसलं? भुंकू नये हे नाही बसलं. सायकल आली की मान दुखते, हे बसलं. माझ्याकडे आली तेव्हा लांबून घंटी वाजली तरी पोट जमिनीला टेकवून दात दाखवायची, सायकलवरचं पोरगं पाच वर्षांचं. चार महिने गेले ते पुसायला, आणि पूर्ण पुसलं गेलं असं आजही म्हणणार नाही.

जुनाखोड
तो त्या ट्रेनरचा हात वाईट. चुकीच्या क्षणाला झटका दिला तर तेच होणार, आमच्या वेळी टायमिंग शिकवायचे.

शिट्टी
काका, बिस्कीट चुकीच्या क्षणी दिलं तर काय होतं? फुकट बिस्कीट जातं. झटका चुकीच्या क्षणी दिला तर वरचं होतं. एवढाच माझा हिशोब.

जुनाखोड
बरं. मग मांजर?

शिट्टी
मांजराला उत्तर नाही. म्हणजे आहे, लांब दोरी आणि सहा महिने, आणि तोवर दोरी सोडायची नाही. तुमच्या ‘नो’ने एका आठवड्यात होतं म्हणता, झालं असेल. माझी भीती वेगळी आहे, तो ‘नो’ तुमच्या आवाजाचा आहे, घरात सून आणि नातू फिरवायला गेले की?

जुनाखोड
(नातवाला ऐकत नाही हे खरं आहे.)

परदेशी_पाटील
अवांतर, पण कुत्र्याशी आपण इंग्रजीत का बोलतो? आमच्याकडे आई बस म्हणते, मी सिट, बायको सिट डाऊन बेबी, मुलगा सिट्टी. वर आपल्याला ह्या बस आणि आता पुरे वाल्या बसमधला फरक कळतो, त्याला कसा कळायचा? बंड्याभाऊंच्या मुद्द्याला थोडा सपोर्ट पण देतो. बुडापेस्टला २०१६ मध्ये १३ कुत्र्यांना एमआरआय मशीनमध्ये शांत पडून राहायला शिकवून मेंदू बघितला होता, कौतुकाचा शब्द आणि कौतुकाचा सूर दोन्ही जुळले तरच मेंदूतलं खुशीचं केंद्र चेतायचं. गोड आवाजात काहीही बडबडलं तर नाही. म्हणजे शब्द अगदीच वाया जात नाहीत. पण तिथेच २०२० मध्ये दिसलं की ओळखीचा शब्द आणि त्याच्यात एखादाच आवाज बदललेला निरर्थक शब्द, ह्यात मेंदूला फारसा फरक पडत नाही.

शिट्टी
बंड्याभाऊ, घरीच बघा ना. एक, हात पाठीमागे बांधून, भिंतीकडे तोंड करून सिट म्हणा. दोन, तोंड बंद, फक्त हात वर. तीन, हात वर करून सिटच्या जागी दुसरंच काहीतरी म्हणा. पुडा खिशात ठेवू नका. आणि इथे खरं खरं लिहा.

बंड्या_कोथरूड
केलं. पहिल्यात आला, माझ्याभोवती गोल फिरला, पाठीमागे जाऊन माझ्या बांधलेल्या हाताला नाक लावलं, बसला नाही. दुसऱ्यात, एक शब्द न बोलता धपकन. तिसऱ्यात मी "पीठ" म्हणालो, बसला. "सहकारनगर" म्हणालो, बसला. आई म्हणाली तुला काही कामं आहेत का नाहीत.

मान्य, त्याला सिट येतच नव्हतं, हात येत होता. पार्किंगमध्ये माझा हात नेहमी दोरीत अडकलेला, तो वर जाणार कुठून. पण मुद्दाम करत नाही हे मी अजून मानत नाही हां, चप्पल माझीच का, बायकोची का नाही?

रानजाई
तुमच्या पायाचा वास, दुसरं काय.

बंड्या_कोथरूड
तीन आठवड्यांनी अपडेट. आधी शब्द, मग एक सेकंद थांबून हात, हात रोज थोडा थोडा खाली, असं शिट्टीताईंनी सांगितल्याप्रमाणे केलं, जिन्यात, लिफ्टसमोर, मग पार्किंगच्या कोपऱ्यात. आता हात खिशात ठेवून नुसतं सिट म्हटलं तरी बसतो, अॅक्टिव्हाशेजारी पण, दहातले सात वेळा. एकच लोच्या झालाय. आज सकाळी बायको आतून ओरडली "अहो, पीठ संपलंय" आणि मोती हॉलच्या मधोमध धपकन बसला, आणि बिस्कीट मिळेपर्यंत उठेना.

जुनाखोड
दिलंत का मग बिस्कीट?

बंड्या_कोथरूड
दिलं.

जुनाखोड
कठीण आहे. गिरणीत नेऊ नका त्याला.