इनुइट पोरं कॉलेजात टिकत नाहीत, चूक कोणाची? (थोडं मोठं आहे, सॉरी)

ओटावाकर_मावशी
मंडळी, मी इथे ओटावात एका कॉलेजात विद्यार्थी मदत कक्षात काम करते. काल ऑफिसात एक वाद झाला, घरी येऊन नवऱ्याशी तोच घातला, तो झोपला म्हणून आता तुमच्याकडे आलेय.

विषय कॅनडाच्या पार उत्तरेतल्या नुनावुतहून येणारी इनुइट (तिथले मूळ रहिवासी) मुलं. माझा सहकारी म्हणतो सरकार फी भरतं, विमानाचं तिकीट देतं, राहायला भत्ता देतं, अजून काय ओवाळायचं का यांना? आणि मी म्हणते की मुलं पैशापायी परत जातच नाहीत हो, निदान माझ्यासमोरची तरी नाही. ती जातात ऑक्टोबरात. सप्टेंबरात विमानतळावरून उतरलेली, ज्या गावात सगळे हजारेक लोक एकमेकांना नावाने ओळखतात तिथून आलेली पोरं, आणि इथे बसमध्ये शेजारचा मान वर करून बघत नाही.

मागच्या वर्षीचंच सांगते. एका मुलीला आईने घरून ‘आर्क्टिक चार’ नावाचा मासा गोठवून पाठवला, पुठ्ठ्याच्या खोक्यात विमानाने. तिने होस्टेलच्या कॉमन किचनमध्ये खाली पुठ्ठा अंथरला आणि उलूने कापून गोठलेलाच खायला बसली. उलू म्हणजे बायकांची अर्धगोल सुरी, आपल्या विळीचं पातं हातात धरल्यासारखी. त्यांच्याकडे असंच खातात, चार जणं गोल बसून. रूममेटने तक्रार केली आणि पोरीला स्वच्छतेची नोटीस आली. तिसऱ्या आठवड्यात माझ्यासमोर बसून म्हणाली, घरी जाते. फीचा एक डॉलर बाकी नव्हता!

माझं मत: स्कॉलरशिप वाढवण्याआधी एक मोठा फ्रीझर घ्या आणि त्यांची भाषा बोलणारं एक माणूस नेमा. बोला.

अजून_एक_पुणेकर
मावशी, राग मानू नका पण पटलं नाही. मी 2009 ला दोन बॅगा घेऊन आलो, तळघरात सहा जण राहायचो, फी इथल्या मुलांच्या तिप्पट, रात्री गॅस स्टेशनवर काम. माझ्यासाठी कोणी पुरणपोळीचा फ्रीझर ठेवला नव्हता. एकटेपणा कोणाला चुकलाय? या एस्किमो मुलांना तर पासपोर्ट पण बदलायला लागत नाही, स्वतःच्याच देशात आहेत. उगाच लाडावून ठेवायचं आणि मग टिकत नाहीत म्हणायचं.

उत्तरेची_बाई
दादा पहिलं म्हणजे एस्किमो म्हणू नका, त्यांना आवडत नाही. इनुइट म्हणा, एकटा असेल तर इनुक.

दुसरं, मी नुनावुतमधल्या एका गावात दोन वर्षं शिकवलंय. 25 गावं आहेत आणि एकाही गावाला दुसऱ्या गावाहून रस्ता नाही, दूध पण विमानाने येतं. तुम्ही पुण्याहून आलात म्हणजे आधी बारावी सायन्स, क्लास, इंजिनिअरिंग, टोफेल करून आलात ना? माझ्या शाळेत फिजिक्स एक वर्ष होतं आणि पुढच्या वर्षी नव्हतं कारण शिकवणारा दक्षिणेत परत गेला. (मी पण गेले. त्याबद्दल नंतर कधीतरी.) मुलं पहिल्या तीन-चार इयत्ता इनुक्तितुतमध्ये, म्हणजे त्यांच्या भाषेत शिकतात आणि मग एकदम इंग्रजी, दोन्ही भाषा अर्ध्यावर. कायदा 2008 चा आहे, सगळ्या इयत्तांत त्यांच्या भाषेतही शिकवायला हवं होतं, 2020 मध्ये दुरुस्ती करून ती मुदत 2039 पर्यंत ढकलली. सगळ्या इनुइट प्रदेशात 25 ते 64 वयाच्या इनुइटांपैकी बारावी झालेले 2016 मध्ये 34 टक्के होते, कॅनडात 86. तुम्ही कॉलेजचं दार बघताय, मी त्या दाराच्या आधीचे बारा जिने बघितलेत.

अजून_एक_पुणेकर
मग शाळा सुधारा की, कॉलेजने का पोरांना कडेवर घ्यायचं. तुम्ही माझाच मुद्दा सांगताय ताई.

बर्फातला_वऱ्हाडी
दोघं पण चुकताय. मुळात त्यांना 2000 किलोमीटर खाली आणायचंच कशाला? 1960 च्या दशकात याच विचाराने पोरं उचलून मॅनिटोबात चर्चिलच्या होस्टेलात नेली होती, शिकवायला म्हणूनच. त्यांचे आजी-आजोबा त्या पिढीचे आहेत, कॉलेज म्हटलं की घरात सगळ्यांच्या पोटात गोळा येतो तो यामुळे. ग्रीनलंड बघा, लोकसंख्या 56-57 हजार, आणि राजधानी नूकला 1987 पासून स्वतःचं विद्यापीठ. कॅनडाच्या इनुइट प्रदेशात आजपर्यंत एक नाही. आता कुठे ‘इनुइट नुनांगात’ (म्हणजे इनुइटांचा प्रदेश) नावाच्या विद्यापीठाचं ठरलंय, मुख्य कॅम्पस नुनावुतमधल्या आर्वियात गावाला, 2030 ला सुरू करायचं म्हणतात. सगळा पैसा तिकडे लावा. मावशींचा फ्रीझर म्हणजे पाय मोडलेल्याला क्रोसिन.

भाजणीचं_थालीपीठ
वऱ्हाडीभाऊ, गडचिरोलीला गोंडवाना विद्यापीठ 2011 ला झालं म्हणून तिथली सगळी पोरं तिथेच शिकतात का? नागपूरला जातातच. आणि गडचिरोलीला रस्ता तरी आहे हो. ग्रीनलंडची मुलं पण डॉक्टर-इंजिनिअर व्हायला डेन्मार्कलाच जातात. नुनावुतची सगळी लोकसंख्या 2021 च्या जनगणनेत 37 हजारच्या आत, तिथे एमबीबीएस कोण काढणार.

बर्फातला_वऱ्हाडी
एमबीबीएस नको काढू दे. पण वकील तिथेच झालेत ना! नुनावुत 1999 ला वेगळा प्रदेश झालं तेव्हा तिथे इनुक वकील एकच होता, पॉल ओकालिक, तोच पहिला मुख्यमंत्री. मग 2001 मध्ये तिथल्या राजधानीत, इकालुइतलाच अकित्सिराक नावाचा लॉ प्रोग्रॅम काढला, व्हिक्टोरिया विद्यापीठाची डिग्री, प्राध्यापकच विमानाने वर यायचे. 2005 ला 11 जण लॉची डिग्री घेऊन बाहेर पडले. पोरं खाली न्यायच्या ऐवजी मास्तर वर नेले की होतं.

उत्तरेची_बाई
आणि पुढची बॅच कधी सुरू झाली ते पण सांगा की. 2017. तोवर ज्याला वकील व्हायचं होतं त्याने काय बर्फात शेकोटी करून वाट बघायची?

तिथे राहून शिकायचं तर घर कुठेय, एका घरात तीन पिढ्या झोपतात, पोरगं अभ्यासाला जागा नाही म्हणून शाळेतच बसायचं माझ्या. आणि उलटं पण आहे, माझ्याकडची एक हुशार मुलगी खाली गेली, नोव्हेंबरमध्ये आजोबा गेले, ती वर आली आणि वादळात चार दिवस विमानच उडलं नाही. परत गेली तर मिडटर्म बुडलेली. कॉलेजचा नियम, अंत्यविधीची रजा तीन दिवस. मेल मी स्वतः वाचलाय. आता हा लाड आहे का हो पुणेकर, सात दिवस मागणं?

ओटावाकर_मावशी
ताई हेच, हेच! आमच्याकडे पण तीनच आहेत.

वऱ्हाडीभाऊ, आर्वियातला व्हायलाच पाहिजे, माझा विरोध नाहीये. पण 2030 पर्यंत जी येणार आहेत त्यांचं काय? आणि खाली राहून जमतं त्याचं उदाहरण इथेच आहे, नुनावुत सिवुनिक्सावुत. 1985 पासून चालू आहे ओटावात. आठ महिन्यांचा कोर्स, बारावीनंतरची सगळी इनुइटच मुलं, स्वतःचा इतिहास शिकतात, सरकारशी जमिनीचा करार कसा झाला ते, ढोल आणि गळ्याचं गाणं, आणि त्यासोबतच भाडं कसं भरायचं, बस कशी पकडायची. एकटी नसतात हाच मुद्दा. तिथून झालेली मुलं पुढे आमच्याकडे येतात ना, ती चालण्यावरून ओळखू येतात मला, खिडकीवर येऊन सरळ विचारतात हे मिळत नाही ते का मिळत नाही.

भाजणीचं_थालीपीठ
पण त्यात दरवर्षी मोजकीच मुलं घेतात ना? बाकीच्यांचं?

ओटावाकर_मावशी
तेच तर. बाकीच्यांना मी, आणि माझी खिडकी साडेचारला बंद.

अजून_एक_पुणेकर
रजेचं मान्य, तीन दिवस फालतू आहेत, माझे बाबा गेले तेव्हा मी तिकीट मिळून पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं आणि तरी सोमवारी लॅबला हजर. पण सरळ सांगतो, माझं मन म्हणतं मी केलं तर त्यांनी का नाही. चुकीचं असेल.

उत्तरेची_बाई
चुकीचं नाही, पण तुम्हाला पण सात दिवस मिळायला हवे होते असं का नाही वाटत तुम्हाला?

भाजणीचं_थालीपीठ
मावशी, फ्रीझरचं झालं का काही?

ओटावाकर_मावशी
अर्ज दिलाय. मेंटेनन्सवाले विचारतायत वास आला तर साफ कोण करणार. मी म्हटलं मी मालवणची आहे, मी करते. त्यावर बजेट नाही म्हणाले.

अजून_एक_पुणेकर
किती मोठा हवाय? आमच्या बेसमेंटमध्ये एक आडवा पडलाय, चालू आहे, फक्त झाकणाचं रबर सैल झालंय. मत बदललेलं नाही माझं, आधीच सांगतो. शनिवारी कोणीतरी व्हॅन घेऊन या, एकट्याने उचलणार नाही तो.