मदत हवी आहे : गावातल्याच माणसाला कामावरून कमी करायचंय

गोव्यात कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत एका पॅकेजिंग कारखान्यात मॅनेजर आहे, राहायला माशेलला. डिस्पॅचमधल्या एका कर्मचाऱ्याला कमी करायचं ठरलंय आणि ते सांगायचं माझ्यावर आलंय.

निर्णय बरोबर की चूक यावर वाद नको. आमच्याकडून औषधांचे खोके जातात. एका बॅचवर दुसऱ्या बॅचचं लेबल गेलं की सगळा माल परत येतो, आणि हे वारंवार झालंय. लेखी समज दिली, काम बदलून दिलं, हाताखाली पोरगा दिला. डोळे तपासायला लावले, चष्माही झाला. फरक शून्य. बरं, माणूस कामचुकार अजिबात नाही. लबाडी केली असती तर मला निदान झोप तरी लागली असती.

ते आमच्या भजनी मंडळात पखवाजावर असतात, मी पेटीवर. माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठे. देवळात मला ‘अरे’ म्हणतात, कारखान्याचं गेट आलं की ‘सर’. मुलगी फोंड्याला कॉलेजात आहे. माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांचं, सामान दरवर्षी आम्ही दोन्ही घरांचं मिळून आणतो.

मालक म्हणतो, ‘तू गावचाच, गोडीगुलाबीनं राजीनामा लिहून घे.’ हे काही मला पटत नाही. शिवाय चवथ (गणेश चतुर्थी) तोंडावर आलीय. आधी सांगितलं तर सणाचा विचका. नंतर सांगितलं तर ते नेहमीसारखा हात सैल सोडून खर्च करणार, आणि मी सगळं माहीत असून सोबत फिरणार. कधी सांगू, आणि नेमकं कसं? ज्यांनी हे केलंय किंवा ज्यांच्यावर ही वेळ आलीय, त्यांनी कृपया लिहा.

प्रतिसाद १
वेर्ण्याला एचआरमध्ये आहे. राजीनामा मुळीच घेऊ नका. पदाचं नाव सुपरवायझर असलं तरी प्रत्यक्षात कारकुनी काम असेल तर तो कायद्यानं कामगारच. त्याला एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, वर शिक्षा म्हणून काढत नसाल तर दर पूर्ण वर्षामागे १५ दिवसांच्या पगाराची भरपाई मिळते. राजीनाम्यावर सही झाली की या दोन्हीवर पाणी. ग्रॅच्युइटी तेवढी मिळेल, पाच वर्षं झाली असतील तर. गोडीगुलाबीचा खर्च त्यांच्याच खिशातून जातो, हे मालकाला स्पष्ट सांगा. कागद करण्याआधी कामगार कायद्याच्या वकिलाला दाखवा.

प्रतिसाद २
माझ्या नवऱ्याला असंच काढलं होतं. साहेबांनी आधी चहा मागवला, मुलांची चौकशी केली, कामाचं कौतुक केलं. यांना वाटलं पगार वाढवतायत. ते कौतुक यांना अजून खुपतं. तेव्हा बसल्या बसल्या पहिल्या दोन वाक्यांत सांगून टाका. ‘मलाही वाईट वाटतंय’ हे त्यांना ऐकवू नका, तुमचं वाईट वाटणं त्यांनी का सांभाळायचं? आणि चवथीआधीच सांगा. हातात किती पैसे आहेत ते कळलं तर घरची बाई सण बरोबर बसवते.

धागाकर्ता
दोघांचेही आभार. ताई, तुमचं चहाचं वाचून अंगावर आलं, मी अगदी तेच करणार होतो. चवथीआधीच सांगतो.

हिशेब मांडला. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १८,२००. त्याला २६ नं भागून १५ नं गुणलं, आठ वर्षांची ग्रॅच्युइटी ८४,००० होते. ती द्यायला मालक तयार आहे, भरपाईवर अडलाय. तो आकडा लेखी हातात आल्याशिवाय मी तोंड उघडणार नाही, हे त्याला सांगितलंय.

एक विचारायचं राहिलं. सांगून झाल्यावर भजनाला मी जावं, की काही दिवस टाळावं? मंडळात दुसरा पखवाजवाला नाही. पेटीवाले दोघे आहेत.