ओलीस, पाहुणा आणि यजमानीण

प्रश्न, रत्नागिरीहून

आमच्या वाडीतील हौशी मंडळी गणेशोत्सवात दरवर्षी एक नाटक बसवतात आणि यंदा संहिता लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. कथानक विनोदी प्रेमकथेचे असून ते चौदाव्या शतकात, इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्या सीमेवर घडते. एका लहानशा गढीची विधवा मालकीण चकमकीत हाती लागलेल्या इंग्रज सरदारपुत्राला पैसे मिळेपर्यंत आपल्याकडे ठेवून घेते. पैसे काही येत नाहीत, कारण त्याच्या थोरल्या भावाला त्याला सोडवण्याची मुळीच घाई नसते, आणि इकडे त्या गृहस्थाची भूक मात्र पावसाळ्यातल्या वहाळासारखी वाढत जाते. शेवट काय होतो, हे प्रेक्षकांना पहिल्या अंकातच कळणार आहे आणि त्याला माझी हरकत नाही.

माझी अडचण शब्दांची आहे. पहिल्या वाचनाच्या वेळी नायकाला 'ओलीस' म्हटल्यावर एका सहकाऱ्याने सांगितले की, हा शब्द कानावर पडला की विमान आणि बंदूकधारी डोळ्यांपुढे येतात, चिलखत येत नाही. तेव्हा 'कैदी' किंवा 'बंदिवान' म्हणावे का? त्याहून मोठी अडचण नायिकेची आहे. 'अपहरणकर्ती' म्हणावे तर पोलिसांच्या पंचनाम्याचा वास येतो, आणि 'ओलीस ठेवणारी' हा शब्द नसून अर्धे वाक्य आहे. शिवाय 'ओलीस' या शब्दाची घडण मला कधीच कळलेली नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर, संगमेश्वरहून

ताई, मी मराठीचा निवृत्त शिक्षक आहे, त्यामुळे उत्तर थोडे लांबेल.

'कैदी' आणि 'ओलीस' यांत अदलाबदल करू नये. कैदी पकडला जातो आणि पकडणाऱ्याच्या दृष्टीने तिथे गोष्ट संपू शकते. ओलीस मात्र कशाच्या तरी बदल्यात असतो आणि ती अट पुरी झाली की त्याला सोडणे अपेक्षित असते. हा फरक आपल्याच इतिहासात एका व्यक्तीच्या आयुष्यात दोन टोकांना दिसतो. १६६५च्या पुरंदरच्या तहानंतर २३ किल्ले मोगलांकडे सोपवायचे होते, आणि त्या पूर्ततेची हमी म्हणून जेमतेम आठ वर्षांचे संभाजीराजे मिर्झाराजे जयसिंहांच्या छावणीत राहिले. ते ओलीस होते. १६८९ साली आमच्या संगमेश्वरात त्यांना पकडण्यात आले, ती कैद होती. पहिल्या प्रसंगासाठी 'कैद' आणि दुसऱ्यासाठी 'ओलीस' असे कोणी लिहिले, तर मी वहीवर लाल रेघ ओढीन.

आता घडण. हिंदी कोशांत 'ओल' हा शब्द तारण म्हणून दुसऱ्याकडे ठेवलेली वस्तू किंवा माणूस या अर्थाने सापडतो. माझ्या मते आपल्या 'ओलीस'मध्ये हाच स्त्रीलिंगी 'ओल' आहे आणि शेवटचा 'स' चतुर्थीचा प्रत्यय आहे. 'वेठ' वरून 'वेठीस धरणे' आणि 'जेर' वरून 'जेरीस आणणे', तसे 'ओल' वरून 'ओलीस ठेवणे', म्हणजे तारणादाखल ठेवणे. फरक एवढाच की, 'वेठीस' आणि 'जेरीस' हे शब्द आपापल्या क्रियापदांना चिकटून राहिले, तर 'ओलीस' मात्र दावे तोडून स्वतंत्र नाम होऊन हिंडू लागला. 'वेठिसाला सोडले' असे कोणी म्हणत नाही, पण 'ओलिसाला सोडले' असे आपण सर्रास म्हणतो, म्हणजे चतुर्थीवर पुन्हा एक विभक्ती चढवतो. मला त्यात काही चूक वाटत नाही. रूढी झाली की व्याकरणाने मागाहून यावे. लिहिताना मात्र 'पोलीस, पोलिसांना' यांप्रमाणेच 'ओलीस, ओलिसांना' असा ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळावा.

आणखी एक. क्रियापद बदलले की काळ बदलतो. 'ओलीस धरणे' हा आजच्या वर्तमानपत्रांचा प्रयोग आहे आणि त्यात झडप आहे. 'ओलीस देणे', 'ओलीस राहणे', 'ओलीस ठेवणे' यांत करार आहे, शिष्टाचार आहे, कधी कधी पंक्तीतले पानही आहे. तुमच्या सहकाऱ्याला जे विमान दिसले, ते 'ओलीस' या शब्दातून आलेले नसून 'धरले' या क्रियापदातून आले असावे. 'राहणे' वापरून पाहा.

उत्तर, अलिबागहून

गुरुजींच्या विवेचनाला एक जोड देतो, कारण आमच्या किनाऱ्यावर असा एक प्रसंग खरोखर घडला आहे, फक्त भूमिका उलट होत्या. नोव्हेंबर १७१२ मध्ये कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराने मुंबईच्या इंग्रज गव्हर्नराचे 'अल्जेरीन' नावाचे सशस्त्र जहाज पकडले. कारवारच्या वखारीचा प्रमुख टॉमस चाऊन त्या झुंजीत मारला गेला आणि त्याची पत्नी आंग्र्यांच्या हाती सापडली. फेब्रुवारी १७१३ मध्ये ३०,००० रुपये घेऊन तिला सोडण्यात आले. पकडली गेली त्या क्षणी ती कैदी होती आणि तिच्यावर किंमत लागली तेव्हापासून ती ओलीस झाली, असे म्हणता येईल का, हे गुरुजींनी ठरवावे. तिच्या प्रसंगात विनोदाला जागा नाही, हेही नोंदवतो.

त्या ३०,००० रुपयांना सहसा 'खंडणी' म्हटले जाते आणि इथे माझा आक्षेप आहे. खंडणी ही मुलखावर, शहरावर, संस्थानावर बसते. ती न लुटण्याचा किंवा अंकित असण्याचा मोबदला असतो. एका माणसाच्या सुटकेच्या पैशांना तोच शब्द लावला की दोन वेगळे व्यवहार एक होतात. 'मुक्तिधन' हा शब्द सुबक असला तरी कीर्तनातून उठून आल्यासारखा वाटतो. त्यापेक्षा आपण बँकेतले किंवा सावकाराकडचे दागिने 'सोडवून' आणतो, ते क्रियापद घ्यावे. 'भाऊ सोडवायला येत नाही' हे वाक्य गहाणाच्या पाटल्यांनाही लागू पडते, आणि तुमच्या नाटकात तर तोच विनोद आहे. ज्या बागायतदारांनी वाशीच्या दलालाकडून उचल घेतली असेल, त्यांना पहिल्या रांगेत बसवा. अडकून पडणे म्हणजे काय, हे त्यांना समजावून सांगावे लागणार नाही.

प्रश्नकर्तीचे उत्तर, रत्नागिरीहून

आपणा दोघांचेही आभार. चाऊनबाईंविषयी म्हणाल, तर किंमत लागली की कैदी ओलीस होतो, हे गुरुजींच्या व्याख्येत बसते असे मला वाटते. मध्ययुगीन युरोपातही हे दोन्ही प्रकार एकाच घरात दिसतात. फ्रान्सचा राजा दुसरा जॉन १३५६ साली प्वातिएच्या लढाईत इंग्रजांच्या हाती सापडला, म्हणजे तो युद्धकैदी झाला. पुढे त्याला सोडताना पैशांची हमी म्हणून त्याचा मुलगा लुई याला ठेवून घेण्यात आले, म्हणजे तो ओलीस झाला. १३६३ मध्ये मुलगा पळून गेला, तेव्हा वचनाला बट्टा लागला म्हणून राजा स्वतःहून लंडनला परतला आणि १३६४ मध्ये तिथेच वारला. कैदी पळाला तर कोणी नावे ठेवत नाही, ओलीस पळाला तर बापाची मान खाली जाते. माझा नायक गढीचा दरवाजा सताड उघडा असूनही पळत नाही, याचे वरकरणी कारण मी हेच दाखवणार आहे.

'सोडवणे' मी लगेच उचलले आहे. मात्र पैशांना काय म्हणावे, याचे उत्तर मला स्कॉटलंडच्या इतिहासातच सापडले आणि ते इथे सांगितल्यावाचून राहवत नाही. राजपुत्र जेम्स १४०६ साली, वयाच्या बाराव्या वर्षाच्या आत, फ्रान्सला जाताना समुद्रात पकडला गेला आणि पुढची १८ वर्षे इंग्रजांच्या ताब्यात वाढला. त्याच्या सुटकेचा करार झाला, त्यात ६०,००० मार्कांची रक्कम ठरली. परंतु ती सुटकेची किंमत आहे असे लिहायचे टाळून, राजाच्या इंग्लंडमधील राहण्याचा आणि पालनपोषणाचा खर्च म्हणून ती मांडण्यात आली. म्हणजे आधी माणूस पकडायचा आणि मग अठरा वर्षांच्या जेवणाचा हिशोब त्याच्याच हाती द्यायचा! दरम्यान तो जोन बोफर्ट या इंग्रज सरदारकन्येच्या प्रेमात पडला, तुरुंगाच्या खिडकीतून ती दिसल्याचे वर्णन करणारे एक दीर्घकाव्यही त्याच्या नावावर आहे, आणि १४२४ मध्ये दोघांचे लग्न झाले. त्या लग्नात हुंडा म्हणून १०,००० मार्क या बिलातून वजा करण्यात आले. उरलेल्या रकमेसाठी स्कॉटलंडने पुन्हा आपले सरदार ओलीस दिले. कोकणातल्या कुठल्याही लग्नाच्या बैठकीत याहून चोख वजाबाकी झाली असेल, असे मला वाटत नाही.

तेव्हा माझी नायिकाही वही घेऊन बसते आणि दर रविवारी नायकाच्या जेवणाची रक्कम चढवते. त्या रकमेला मी 'खानावळ' म्हणावे का? नायिकेच्या स्वभावासाठी मी डनबारच्या अॅग्नेसचा आधार घेतला आहे. १३३८ साली इंग्रजांनी तिच्या किल्ल्याला सुमारे पाच महिने वेढा घातला. दगडांचा मारा थांबला की तिच्या दासी तटावर येऊन फडक्याने धूळ झटकत, असे सांगतात. शत्रूने तिच्या कैदेतील भावाला तिच्यासमोर आणून मारण्याची धमकी दिली, तेव्हा 'मारा, म्हणजे त्याची जहागीर मलाच मिळेल', अशा अर्थाचे उत्तर तिने दिल्याची कथा आहे. भाऊ वाचला. अशा बाईला 'अपहरणकर्ती' म्हणण्याचे धाडस माझ्या अंगी नाही.

उत्तर, मालवणहून

ताईंनी 'खानावळ' जरूर वापरावा. महिन्याच्या जेवणाच्या पैशांनाही तोच शब्द असल्यामुळे वेगळे काही घडवावे लागत नाही.

नायकाला काय म्हणावे, या प्रश्नाचे उत्तर आपल्या भाषेने केव्हाच देऊन ठेवले आहे. तुरुंगात गेलेल्याला आपण 'सरकारी पाहुणा' म्हणतो आणि काही जण 'सरकारचा जावई' म्हणतात. ज्या अर्थाने ते तिरकस आहे, त्याच अर्थाने तुमच्या गढीतल्या नोकरांनी त्याला पहिल्या प्रवेशापासून 'पाहुणा' म्हणावे. एखाद्या म्हाताऱ्या स्वयंपाकिणीला तर आमच्या बोलीत 'ह्यो पावणो जातलो कधी?' असे विचारू द्यावे, म्हणजे स्कॉटलंड असले तरी वाडीला ते आपले वाटेल. इंग्रजी 'होस्टेज' ज्या जुन्या फ्रेंच शब्दावरून आला, त्याचाही एक अर्थ मुक्काम, आसरा असा होता. तेव्हा ओलीस आणि पाहुणा यांचे नाते आपण ओढूनताणून जोडतो आहोत, असे समजण्याचे कारण नाही. 'ओलीस' हा शब्द फक्त पत्रांत, करारात आणि भांडणात ठेवावा, आणि एरवी 'पाहुणा'. नायिका रागावली की 'तुम्ही माझे ओलीस आहात, हे विसरू नका' असे म्हणेल, आणि प्रेक्षकांना कळेल की विसरली आहे ती तीच.

आता पाहुणा म्हटला की घराला यजमानीण आली. नायकाने तिला 'यजमानीणबाई' म्हणावे. या शब्दाची गंमत मी आपणास काय सांगावी? आपल्याकडे 'यजमान' म्हणजे पाहुण्याचे आतिथ्य करणारा, आणि 'आमचे यजमान' म्हणजे नवरा. दुसऱ्या अंकाच्या शेवटी नायिकेने प्रथमच त्याचा उल्लेख 'यजमान' असा करावा. मालवणीत 'घोव' म्हटले असते तर एका क्षणात सगळे उघडे पडले असते. 'यजमान' म्हटल्यावर, ती बाई चुकली की कबूल झाली, हे कळायला प्रेक्षकांना थोडा वेळ लागेल, आणि हशा त्या वेळातूनच येतो.

जाता जाता: आमच्याकडे जूनपासून भिंतींना ओल येते आणि दगडी गढीलाही येतच असणार. गुरुजींची व्युत्पत्ती विनोदाला धार्जिणी आहे. 'मी आपला ओलीस नाही, आपल्या भिंतींच्या ओलीस कंटाळलेला माणूस आहे', असे वाक्य नायकाच्या तोंडी शोभेल.

उत्तर, संगमेश्वरहून

मालवणकरांची कोटी मी वर्गात चालू दिली नसती, नाटकात चालेल. 'भिंतींच्या ओलीस' हे रूप व्याकरणशुद्ध आहे, एवढे प्रमाणपत्र देतो. म्हणताना मात्र नटाने 'भिंतींच्या' या शब्दावर जोर द्यावा, नाहीतर मागच्या रांगांना श्लेष कळणार नाही.

'यजमान' बद्दल एक सूचना. मूळ संस्कृत अर्थ स्वतःसाठी यज्ञ करवून घेणारा असा आहे आणि खर्च त्याचाच असतो. भटजींच्या तोंडी तो आजही याच अर्थाने येतो. तेव्हा नायिका यजमानीण असेपर्यंत खानावळीची वही तिच्या हाती शोभते. ज्या क्षणी ती नायकाला 'यजमान' म्हणेल, त्या क्षणी ती वही तिने त्याच्याकडे सरकवावी, म्हणजे यापुढचा खर्च कोणाचा, हे वेगळ्या संवादाने सांगावे लागणार नाही.

प्रश्नकर्ती, रत्नागिरीहून

वही सरकवण्याची जागा आज तालमीत करून पाहिली. नायकाने ती उघडली, बेरीज वाचली आणि संहितेत नसलेले वाक्य आपणहून म्हटले, 'यात हुंडा वजा केलेला दिसत नाही.' मी ते ठेवले आहे. करारपत्रात तेवढा 'ओलीस' ठेवला असून त्याच्यापुढे 'राहील' हे क्रियापद लिहिले आहे.