दहावीपुरते इंग्रजी, पावणेदोन वर्षांचा अनुभव : वीजतंत्र्याला परदेशात काम मिळेल का?

कुपवाडचा वीजतंत्री

नमस्कार मंडळी. माझे वय २३ वर्षे असून शासकीय आयटीआयमधून मी वीजतंत्री हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण केला आहे. गेले एक वर्ष आठ महिने कुपवाड एमआयडीसीत एका ठेकेदाराकडे पॅनल वायरिंग, केबल टाकणे आणि मोटारींची देखभाल ही कामे करतो. पगार १४,००० रुपये आहे. त्यातील निम्मा बँकेत आणि निम्मा रोख मिळतो. इंग्रजी वाचले तर अर्थ बऱ्यापैकी लागतो, पण समोरचा बोलू लागला की माझी दातखीळ बसते. हिंदी ठीक बोलतो.

मिरजेतील एका एजंटाने मला दोन पर्याय दिले आहेत. पहिला दुबईचा : १,८०,००० रुपये भरायचे, आधी व्हिजिट व्हिसावर जायचे आणि तिथे गेल्यावर कंपनी व्हिसा बदलून देईल. दुसरा जर्मनीचा : ५ लाख रुपये, त्यातील निम्मे आता, आणि ‘भाषेची गरज नाही, तिथे गेल्यावर तेच शिकवतात’ असे त्याचे म्हणणे. माझा अनुभव कमी आहे हे सांगितल्यावर, पाच वर्षांच्या अनुभवाचे पत्र आपणच तयार करून देऊ, असेही तो म्हणाला. वडील कवठेमहांकाळकडील द्राक्षबागेवर कर्ज काढायला तयार आहेत आणि मला नेमकी त्याचीच धास्ती वाटते. एवढ्या भाषेवर आणि एवढ्या अनुभवावर बाहेर जाणे शक्य आहे का, की दोन-तीन वर्षे थांबावे?

राजापूरकर

मी १९ वर्षे आखातात होतो, त्यातील शेवटची ११ दोह्यात इलेक्ट्रिकल फोरमन म्हणून. आमच्या राजापूर-रत्नागिरी पट्ट्यात घरटी एक माणूस आखातात असतो, त्यामुळे हे प्रश्न लहानपणापासून ओट्यावर ऐकत आलो आहे.

आधी भाषेचे बोलू, कारण तुमची भीती तिथे आहे आणि माझ्या मते ती चुकीच्या जागी आहे. साइटवर मुकादम मल्याळी असतो, हेल्पर नेपाळी, गवंडी पेशावरकडचा आणि इंजिनिअर बहुधा मिसरी, म्हणजे इजिप्तचा. या सगळ्यांची मिळून जी बोली होते ती मोडकी हिंदी-उर्दू असते आणि ती तुम्हाला येते. इंग्रजी लागते ते तीन ठिकाणी : ड्रॉइंग वाचताना, सुरक्षेच्या प्रशिक्षणात आणि कामाचा परमिट भरताना. त्यासाठी लागणारे शब्द दीडशेच्या आसपास आहेत. वहीत लिहून काढा आणि मोठ्याने म्हणा. मुलाखतीत ‘तुम्ही काय काम करता’ याचे उत्तर पाच सरळ वाक्यांत देता आले, म्हणजे पुरे. मी स्वतः मुलाखती घेतल्या आहेत आणि इंग्रजी अडखळते म्हणून एकाही चांगल्या कारागिराला परत पाठवलेले मला आठवत नाही. ग्लँड, म्हणजे पॅनलमध्ये केबल घट्ट धरणारा जोड, नीट बसवता न आलेले मात्र कितीतरी परत पाठवले.

आपली मुले ट्रेड टेस्टमध्ये, म्हणजे हाताने काम करून दाखवायच्या परीक्षेत, जिथे अडतात ती जागा वेगळीच आहे. दुबई, कतार, ओमान या भागांत वायरिंगवर ब्रिटिश पद्धतीची छाप आहे. आपल्याकडे ६ आणि १६ अँपिअरचे गोल पिनांचे सॉकेट असतात. तिकडे १३ अँपिअरचा, चौकोनी पिनांचा, प्लगमध्येच फ्यूज असलेला प्रकार चालतो आणि सॉकेटसाठी रिंग सर्किट करतात, म्हणजे डीबीतून (वीज वाटणाऱ्या पेटीतून) निघालेली तार सगळे सॉकेट फिरून पुन्हा त्याच एमसीबीवर येते. आयटीआयमध्ये हे हाताने करून घेतलेले नसते. टेस्टच्या फळीवर ‘रिंग कर’ म्हटल्यावर मुलगा नुसता पाहत राहतो आणि परीक्षक समजतो की याला काम येत नाही. जीआय कंड्युट (तारांसाठीचा लोखंडी पाइप) वाकवणे, आर्मर्ड केबलला ग्लँड लावून टर्मिनेशन करणे, डीबी ड्रेसिंग (पेटीतील तारा नीट रचणे) आणि मोटारीच्या स्टार-डेल्टा स्टार्टरची जोडणी या चार गोष्टींचा हात बसवा. सौदीला जायचे असेल तर तिथल्या सरकारने वीजतंत्री, प्लंबर, वेल्डर अशा कामांसाठी व्हिसाआधी कौशल्याची परीक्षा भारतातच ठेवली आहे, तेव्हा तिथे तर पर्यायच नाही.

आता पैशांचे. भारतातील नोंदणीकृत भरती एजंटाला कामगाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५,४०० रुपये घेता येतात, तेही पावती देऊन. १,८०,००० हा आकडा ऐकल्यावरच उठून यायला हवे होते. परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर नोंदणीकृत एजंटांची यादी आहे. त्यात नाव, पत्ता आणि परवाना चालू आहे की रद्द झाला हे पाहा. ‘मी अमक्या मुंबईच्या ऑफिसचा माणूस’ असे सांगणाऱ्या सब-एजंटाला कायद्यात जागा नाही.

आणखी एक गोष्ट आहे, जी दहावी झालेल्या मुलांच्या लक्षात येत नाही. दहावी उत्तीर्ण असल्याने तुमच्या पासपोर्टवर एमिग्रेशन तपासणीचा ईसीआर शिक्का नसणार. शिक्का असलेल्या माणसाला आखातात पाठवताना सरकारी परवानगी लागते, त्यासाठी त्याचा करार ‘प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स’ कार्यालयाकडून तपासला जातो आणि त्याचा प्रवासी भारतीय विमा योजनेत विमा उतरवला जातो. शिक्का नसलेल्याला यातले काहीच सक्तीचे नाही. लोक याला सवलत समजतात. प्रत्यक्षात तुमचा करार तुमच्याखेरीज कोणीही वाचत नाही, असा त्याचा अर्थ होतो. म्हणून तो तुम्हीच वाचा : मूळ पगार किती, जेवण कंपनीचे की भत्ता, राहणे कोणाचे, कामाचे तास किती, ओव्हरटाइम कोणत्या दराने, दोन वर्षांनी विमानाचे तिकीट कोण देणार. अमिरातीत नोकरीचे ऑफर लेटर अरबी आणि इंग्रजीसोबत हिंदीतही मिळू शकते. तशी प्रत मागा.

परत आलेला

व्हिजिट व्हिसाबद्दल दोन ओळी लिहितो. चार वर्षांपूर्वी मी असाच ६० दिवसांच्या व्हिजिट व्हिसावर शारजाला गेलो होतो. व्हिजिट व्हिसावर काम करणे तिथे बेकायदा आहे, हे मला विमानतळावर एका सहप्रवाशाकडून कळले. ज्याच्याकडे पाठवले होते त्याने ५७ दिवस एसी डक्टच्या गोदामात राबवून घेतले आणि व्हिसा बदलायची वेळ आली तेव्हा फोन उचलणे बंद केले. कागदोपत्री मी कामगार नव्हतोच, त्यामुळे पगाराची तक्रार करायला माझ्याकडे करार नव्हता. मुदत संपल्यानंतर रोज ५० दिरहॅम दंड लागतो, म्हणून मामाकडून तिकिटाचे पैसे मागवून परत आलो. माझे तर इंग्रजीही चांगले होते.

जर्मनशिक्षिका, पुणे

जर्मनीबाबत मी लिहिते, कारण ‘भाषा लागत नाही’ हे वाक्य घेऊन माझ्या वर्गात दर महिन्याला कोणीतरी येते. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळासाठी करार केल्यापासून अशा जाहिराती फार वाढल्या आहेत; पण त्या योजनेतही जाण्यापूर्वी जर्मन शिकणे होतेच.

तुमच्यासाठी तिथे दोन दारे आहेत. एक आउसबिल्डुंगचे, म्हणजे कंपनीत काम करता करता शिकण्याचे, जे वीजतंत्र्यासाठी साडेतीन वर्षांचे असते. त्यात पहिल्या दिवसापासून मोबदला मिळतो. २०२५ मध्ये सुरू होणाऱ्या प्रशिक्षणासाठी पहिल्या वर्षीचा किमान मोबदला दरमहा ६८२ युरो होता. त्यासाठी व्यवहारात बी१ पातळीचे जर्मन लागते (पातळ्या ए१, ए२, बी१, बी२ अशा चढत जातात), कारण व्यवसायशाळेतील तास आणि परीक्षा जर्मनमध्येच असतात. शिवाय आपण पुन्हा शिकाऊ होणार, हे मनाला पटवावे लागते.

दुसरे दार म्हणजे जून २०२४ पासून सुरू झालेले चान्सनकार्ट. तिथे जाऊन नोकरी शोधण्यासाठी ते एका वर्षाचे असते आणि त्या काळात आठवड्याला २० तास काम करता येते. किमान दोन वर्षांचा, आपल्या देशात मान्यताप्राप्त असलेला व्यवसाय अभ्यासक्रम आणि ए१ जर्मन किंवा बी२ इंग्रजी ही प्रवेशाची अट आहे. त्यानंतर सहा गुण जमवावे लागतात. तुमचे गणित मांडून पाहू. वय ३५ पेक्षा कमी, म्हणून २ गुण. गेल्या पाच वर्षांत दोन वर्षांचा अनुभव असेल तर आणखी २. तुमचे एक वर्ष आठ महिने झाले आहेत, म्हणजे चार महिने कमी पडतात. जर्मन ए२ असेल तर १ आणि बी१ असेल तर २. म्हणजे चार महिने टिकून काम केलेत आणि बी१ झालात तर बरोबर सहा होतात. ए२ वर थांबलात तर पाच, आणि पाचाला काही अर्थ नाही. त्याखेरीज उदरनिर्वाहाचा पुरावा म्हणून, २०२५ च्या दराने, दरमहा १,०९१ युरो या हिशेबाने वर्षाची रक्कम दाखवावी लागते. ती रक्कम तुमच्याच नावावर राहते, एजंटाच्या खिशात जात नाही. पण ती उभी करणे द्राक्षबागायतदाराला सोपे नाही, हे मला कळते.

नियमित अभ्यास करणारा नोकरदार विद्यार्थी शून्यापासून बी१ पर्यंत साधारण वर्षभरात पोहोचतो. आठवड्यातून एकदा वही उघडणारा कधीच पोहोचत नाही.

ओसाकाकर

जपानसाठी एवढेच सांगतो : ‘विशिष्ट कुशल कामगार’ या व्हिसासाठी एन४ (खालून दुसऱ्या) पातळीचे जपानी आणि त्या क्षेत्राची कौशल्य परीक्षा लागते, अनुभवाची वर्षे कोणी मोजत नाही. पहिल्या प्रकारात जास्तीत जास्त पाच वर्षे राहता येते, कुटुंब नेता येत नाही. कमी अनुभव असलेल्याला हे सोयीचे आहे. मात्र साइटवर हिंदी ऐकू येईल या आशेने येऊ नका.

कुपवाडचा वीजतंत्री

सर्वांचे मनापासून आभार. गुणांचे गणित पाहून चार महिने काम सोडायचे नाही, हे निश्चित केले आहे. सध्या आखाताचा विचार आधी आणि जर्मनचा वर्ग सोबत, असे ठरवतो आहे. अडचण अशी की ठेकेदार अनुभवाचे पत्र द्यायला तयार नाही. ‘पत्र दिले की तू पळशील’ असे म्हणतो. मग एजंटाचे पत्र चालणार नाही का?

राजापूरकर

अजिबात नाही. ट्रेड टेस्टमध्ये पाच वर्षांचा म्हणून उभे राहिलात तर परीक्षक पाच वर्षांच्या माणसाचेच काम मागेल आणि तिथेच उघडे पडाल. जर्मनीच्या अर्जात खोटा कागद सापडला तर ते दार कायमचे बंद होण्याची भीती आहे. ठेकेदार पत्र देत नसेल तर भविष्य निर्वाह निधीचे पासबुक आणि पगार जमा झाल्याचे बँकेचे उतारे जपून ठेवा. निधी कापलाच जात नसेल, तर निदान पूर्ण पगार बँकेत द्या असे त्याला सांगा. तुमच्यासाठी तोच पुरावा आहे. आयटीआयनंतरची एक वर्षाची शिकाऊ उमेदवारी राहिली असेल तर महावितरणच्या जाहिरातीकडे लक्ष ठेवा. विद्यावेतन फार नसते, पण शेवटी मिळणारे राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र कोणी खोटे म्हणत नाही.

पगाराचा अंदाज हवा असेल तर कतारचा आकडा लक्षात ठेवा : मार्च २०२१ पासून तिथे किमान मूळ वेतन १,००० रियाल आहे, आणि कंपनी जेवण व राहणे देत नसेल तर त्यापोटी अनुक्रमे ३०० आणि ५०० रियाल वेगळे. हा कोणत्याही कामगाराचा किमान आकडा आहे. वीजतंत्र्याला तेवढेच देऊ करणाऱ्याशी घासाघीस करा.

एक विचारायचे राहिले. तुमचा पासपोर्ट कोणाकडे आहे?

कुपवाडचा वीजतंत्री

तीन आठवड्यांपासून एजंटाकडे. ‘फाइल लावायला लागतो’ म्हणून त्याने घेतला होता.

राजापूरकर

उद्या सकाळी वडिलांना सोबत घेऊन जा आणि तो घेऊन या. करार हाती नसताना मूळ पासपोर्ट कोणाला लागत नाही, झेरॉक्स पुरते. पासपोर्ट भारत सरकारच्या मालकीचा असतो, तो अडवून ठेवण्याचा कोणाला अधिकार नाही. देत नाही म्हणाला तर तिथूनच थेट पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या.

कुपवाडचा वीजतंत्री

आज दुपारी पासपोर्ट मिळाला. आधी त्याने ‘फाइल चार्ज’ म्हणून २,००० रुपये मागितले. वडिलांनी परवाना क्रमांक घातलेली पावती मागितली, तेव्हा त्याने ड्रॉवर उघडून पासपोर्ट टेबलावर ठेवला आणि पैशांचा विषय पुन्हा काढला नाही. येताना मिरजेच्या बाजारातून दोन ग्लँड आणि मीटरभर आर्मर्ड केबल घेतली आहे. राजापूरकर काका, रिंग सर्किटची आकृती हाताने काढून इथे टाकाल का?