शब्दचर्चा : बीजाणूवर डाग पडतो की रंग चढतो?

प्रश्न

पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी तयार होत असलेल्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रात्यक्षिक-पुस्तिकेचा मराठी मसुदा मी तपासत आहे. त्यात एका प्रयोगाचे शीर्षक ‘अंतःबीजाणूंवर डाग पाडणे’ (म्हणजे जीवाणूच्या पेशीत तयार होणारे, तग धरणारे बीजाणू रंग देऊन दिसते करणे) असे आले आहे. ते कानाला खटकते, पण त्याऐवजी रंजन, अभिरंजन की सरळ स्टेनिंग लिहावे, हे ठरत नाही. ‘अंतःबीजाणू’ हे लेखनही शुद्ध आहे का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर

‘डाग’ हा शब्द सर्वांत आधी काढून टाकावा. दागिन्यांना आणि प्रवासातल्या सामानाच्या नगांनाही आपण डाग म्हणतो, ती गोष्ट वेगळी; एरवी मराठीत डाग पडतो तो नको असताना पडतो. मॅलॅकाइट ग्रीन या प्रयोगातल्या हिरव्या रंगाची बाटली हाताळताना विद्यार्थ्याच्या बोटांवर आणि पांढऱ्या एप्रनवर जे उमटते आणि साबणाने घासूनही दोन दिवस जात नाही, त्याला खुशाल डाग म्हणावे. काचपट्टीवर मात्र आपण हेतुपुरस्सर, ठरावीक घटकाला ठरावीक रंग देत असतो.

‘रंजन’ अपुरे वाटते, कारण रोजच्या भाषेत त्याचा अर्थ करमणुकीकडे झुकला आहे. मूळ धातू एकच आहे, रंगवणे आणि रिझवणे हे दोन्ही अर्थ त्यात आहेत. पण वाचकाला आधी मनोरंजन आठवणार. ‘अभि’ या उपसर्गाने ‘एखाद्या गोष्टीच्या रोखाने’ असा अर्थ जोडला जातो, म्हणून क्रियेचे नाव या नात्याने ‘अभिरंजन’ चांगले आहे.

लेखनाबद्दल सांगायचे तर मूळ शब्द ‘अंतर्’ असा आहे. पुढे क किंवा प यांसारखे कठोर व्यंजन आले की त्याचा विसर्ग होतो, म्हणून अंतःकरण आणि अंतःपुर. पुढे मृदू व्यंजन आले की रफार टिकतो, म्हणून अंतर्गत आणि अंतर्भाव. तेव्हा अंतर्बीजाणू असेच लिहावे. सुटा शब्द दीर्घ णूने संपतो, समासात मात्र तो ऱ्हस्व होतो : अंतर्बीजाणु-अभिरंजन.

आता ज्या शब्दाबद्दल आपण विचारले नाही, पण जो विद्यार्थ्यांना सर्वाधिक फसवतो, तो म्हणजे ‘बीजाणू’ स्वतः. शाळेत हा शब्द बुरशीच्या धड्यात भेटतो आणि तिथे तो पुनरुत्पादनाशी जोडलेला असतो : एका फोडासारख्या पिशवीतून असंख्य बीजाणू बाहेर पडतात आणि जिथे पडतील तिथे रुजतात. जीवाणूंत असे काही घडत नाही. बॅसिलस किंवा क्लॉस्ट्रिडियम या गटांतल्या जीवाणूची उपासमार झाली की एका पेशीच्या पोटात एकच अंतर्बीजाणू तयार होतो आणि पुढे परिस्थिती सुधारल्यावर त्यातून एकच पेशी बाहेर येते. संख्या वाढत नाही, जीव तेवढा तगून राहतो. १८७६ साली फर्डिनांड कोन यांनी गवताच्या काढ्यातल्या जीवाणूंचे उकळूनही न मरणारे बीजाणू वर्णिले आणि त्याच वर्षी रॉबर्ट कॉख यांनी काळपुळीच्या जीवाणूचे बीजाणू दाखवले. जर्मन भाषेत अशा बीजाणूला ‘डाउअरश्पोर’, म्हणजे टिकून राहणारा बीजाणू, असे नाव आहे आणि ते मला अधिक प्रामाणिक वाटते. दोष केवळ मराठीचा नाही, कारण इंग्रजी शब्दाचे ग्रीक मूळही पेरणी आणि बी याच अर्थाचे आहे. शब्द आता रूढ झाला आहे, तो बदलू नये; परंतु पुस्तिकेत पहिल्याच परिच्छेदात हा खुलासा अवश्य करावा.

शंका

‘अभिरंजन’ शीर्षकापुरते ठीक आहे, परंतु कृतीच्या प्रत्येक वाक्यात ‘अभिरंजित करावे’ असे लिहिले तर विद्यार्थी वाचणार नाहीत. प्रयोगशाळेत सगळे ‘स्टेन घेतला’, ‘स्टेन घेतला नाही’ असेच बोलतात. तसेच मसुद्यात पाण्याने धुण्याच्या पायरीला ‘विरंजन’ आणि सॅफ्रॅनिन या नंतर द्यायच्या लाल रंगाला ‘प्रतिरंजक’ म्हटले आहे, ते चालेल का?

उत्तर

क्रियापदासाठी संस्कृतकडे जाण्याची गरजच नाही, कारण ते काम आपल्या रंगाऱ्यांनी पूर्वीच करून ठेवले आहे. रंग चढतो, कापड रंग धरते, कच्चा रंग सुटतो, पक्का रंग उतरत नाही. शेफर आणि फुल्टन यांनी १९३३ साली मांडलेली बीजाणू रंगवण्याची हीच पद्धत या चार वाक्प्रयोगांत जवळजवळ संपूर्ण सांगता येते. बीजाणूभोवती प्रथिनांचे थरावर थर असतात आणि साध्या रंगाला ते दाद देत नाहीत. ग्रॅम पद्धतीने, म्हणजे जीवाणू रंगवण्याच्या नेहमीच्या पद्धतीने, रंगवलेल्या पेशीत बीजाणूच्या जागी नुसतीच रिकामी, चकचकीत खिडकी दिसते ती यामुळेच. वाफेच्या उष्णतेने हिरवा रंग आत शिरतो, आणि काचपट्टी निवून पाण्याने धुतली की वर्धी (म्हणजे बीजाणू न झालेल्या, वाढणाऱ्या) पेशींचा रंग सुटतो, बीजाणूंचा सुटत नाही. एकाच रंगाचा एकाच काचपट्टीवर कच्चा रंगही होतो आणि पक्काही, हे मला या प्रयोगातले सर्वांत सुंदर मर्म वाटते.

‘विरंजन’ म्हटले की वाचकाला विरंजक चूर्ण आठवते आणि त्यात रंग रासायनिक क्रियेने नष्ट होतो. इथे पाणी रंग केवळ धुऊन नेते, म्हणून ‘जादा रंग उतरवणे’ पुरेसे आहे. ‘प्रतिरंजक’ राहू द्यावा, पण त्यातल्या ‘प्रति’चा अर्थ विरुद्ध असा न घेता ‘जोडीला दिलेला दुसरा रंग’ असा घ्यावा, कारण तो हिरव्या रंगाला खोडत नाही, ज्या पेशी रंगहीन झाल्या त्यांना लाल करतो. मघाशी मी जाणूनबुजून ‘वर्धी पेशी’ लिहिले. त्यांनाच पुस्तकांत वापरला जाणारा ‘शाकीय पेशी’ हा शब्द वाचून एका विद्यार्थिनीने मला जीवाणू वनस्पतींत मोडतात का असे विचारले होते.

रंगांची नावे बाटलीवर असतात तशीच ठेवावीत. मॅलॅकाइट हे तांब्याचे हिरवे खनिज आहे, पण या रंगात तांबे मुळीच नाही, केवळ छटेवरून नाव पडले आहे. सॅफ्रॅनिन आणि आपले जाफरान यांचे मूळ एकच असले, तरी त्यातही केशर नाही.

प्रश्नकर्तीचा मजकूर

सर्वांचे आभार. शीर्षक ‘अंतर्बीजाणु-अभिरंजन’ असे केले आहे आणि कृती पुढीलप्रमाणे लिहिली आहे : “उष्णतेने पक्क्या केलेल्या लेपावर टिपकागदाचा तुकडा ठेवून त्यावर ५ टक्के मॅलॅकाइट ग्रीन घालावे. काचपट्टी ५ मिनिटे वाफेवर धरावी, कागद वाळू लागल्यास आणखी रंग घालावा. नंतर कागद काढून, जादा रंग उतरेपर्यंत पाण्याने धुवावे आणि ३० सेकंद सॅफ्रॅनिन द्यावे. बीजाणू हिरवे, वर्धी पेशी लाल दिसतात.”

प्रतिसाद

मजकूर उत्तम झाला आहे. फक्त ‘कागद काढून’ याच्या आधी ‘काचपट्टी निवू द्यावी’ हे तीन शब्द घालावेत, नाहीतर गरम काच नळाखाली धरली जाईल आणि तडकेल.